झाकली मूठ आणि दहा गुणांचा प्रश्न

प्रति,
इंग्रजी अभ्यास मंडळाचे सन्माननीय अध्यक्ष व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

मी एका तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयात २२ वर्षं इंग्रजी शिकवतो. आपण तृतीय वर्षाला स्टीव्हन्सनची ‘स्ट्रेंज केस ऑफ डॉक्टर जेकिल अँड मिस्टर हाइड’ लावली, तेव्हा मंडळाला मनापासून दुवा देणाऱ्यांत मी होतो. पुस्तक लहान आहे, प्रकरणं दहाच आहेत आणि औषध पिऊन हाइड नावाचा दुसराच माणूस होणाऱ्या डॉक्टर जेकिलची गोष्ट धरून ठेवणारी आहे. आमच्याकडची मुलं गाइडशिवाय सबंध वाचू शकतील अशी पुस्तकं अभ्यासक्रमात फार नसतात. तरीही आज लिहितोय ते तक्रारीचं पत्र आहे. खुलं एवढ्यासाठी लिहितोय की बंद पाकिटातल्या पत्राला आवक क्रमांक मिळतो, उत्तर मिळत नाही.

माझ्या वर्गातल्या एका मुलीनं तिच्या उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागवली आणि ती घेऊन स्टाफरूममध्ये आली. प्रश्न होता : ही कादंबरिका म्हणजे सत् आणि असत् यांचा संघर्ष आहे, चर्चा करा. गुण दहा. तिनं अडीच पानं लिहिली होती. इंग्रजी मोडकंतोडकं होतं, काळ चुकले होते, पण म्हणणं स्पष्ट होतं : जेकिल हा सत् नाहीच, तसं तो स्वतःच सांगतो, मग संघर्ष कुणाचा कुणाशी? समासात लाल शाईत एकच शब्द होता, ‘विषयांतर’. खाली तीन गुण. मीही त्या वर्षी कॅपला, म्हणजे विद्यापीठाच्या मूल्यांकन केंद्रावर, पेपर तपासायला होतो, म्हणून आदर्श उत्तर मला ठाऊक आहे. जेकिल म्हणजे चांगला, हाइड म्हणजे वाईट, शेवटी वाईटाचा नाश. सोबत एक टीप, ‘व्हिक्टोरियन पार्श्वभूमी’, गुण पाच.

आता पुस्तक उघडू. शेवटच्या प्रकरणात जेकिल आपला कबुलीजबाब लिहितो. औषध घेतल्यावर जो हाइड बाहेर आला तो निखळ वाईट होता, हे तो मान्य करतो. पण दुसऱ्या बाजूला निखळ चांगला माणूस उरला असं तो कुठेही म्हणत नाही. उरला तो जुनाच हेन्री जेकिल, पूर्वीइतकाच सरमिसळ. दुधातलं पाणी काढायला गेला, पाणी वेगळं निघालं, पण दूध होतं तसंच पाणचट राहिलं. आणि ज्या ‘द्वंद्वा’वर आपण पाच-पाच प्रश्न काढतो, त्याबद्दल तो लगेच पुढे बजावतो की मी दोन म्हणतो ते माझं ज्ञान तिथवरच पोचलंय म्हणून. पुढचे लोक शोधतील तेव्हा माणूस म्हणजे एकमेकांशी न जमणाऱ्या नाना रहिवाशांची वस्ती निघेल. आमच्या भाषेत चाळ. ही ओळ एकाही गाइडमध्ये मला सापडलेली नाही.

लेखकानंही हे झाकून ठेवलेलं नव्हतं. १८८७ मध्ये एका पत्रात त्यानं लिहिलं की दोष जेकिलमध्येच होता, कारण तो ढोंगी होता. म्हणजे माझ्या विद्यार्थिनीचं विषयांतर आणि स्टीव्हन्सनचं विषयांतर एकच.

पण माझी खरी तक्रार त्या पाच गुणांच्या टिपेबद्दल आहे. तिथे मुलं काय लिहितात, आपण जाणताच. व्हिक्टोरिया राणी, १८३७ ते १९०१. औद्योगिक क्रांती. रेल्वे. डार्विन. श्रद्धेला तडा. स्त्रियांचं दुय्यम स्थान. ही यादी साबुदाण्याच्या खिचडीसारखी आहे, कुठल्याही उपवासाला चालते. डिकन्सला चालते, हार्डीला चालते, जेकिललाही चालते. पाप कबूल करतो : सुरुवातीची काही वर्षं ही यादी मीच फळ्यावर लिहून दिली आहे.

ती सुटली एका प्रश्नामुळे. पहिलं प्रकरण चालू होतं. एन्फिल्ड नावाचा गृहस्थ आपल्या वकील नातेवाईकाला, अटरसनला, किस्सा सांगतो : हिवाळ्यातली काळीकुट्ट पहाट, साधारण तीनचा सुमार, एका बाजूनं बुटका माणूस तरातरा येतोय, दुसऱ्या बाजूनं आठ-दहा वर्षांची पोर जीव खाऊन पळत येतेय, कोपऱ्यावर दोघं धडकतात, आणि तो माणूस, म्हणजे हाइड, शांतपणे पोरीच्या अंगावरून चालत जातो. मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, पहाटे तीनला एवढीशी पोर एकटी रस्त्यावर काय करत होती?”

पुस्तकात उत्तर आहे, आम्ही सगळे ते ओलांडून पुढे जातो. तिला डॉक्टरला बोलवायला पाठवलं होतं. घरात कुणीतरी आजारी आहे. पाठवायला नोकर नाही, गाडी नाही, आहे ती आठ वर्षांची मुलगी. त्या तासाला मी पुढे सरकलोच नाही. १८८१ च्या जनगणनेत लंडनची वस्ती ३८ लाखांच्या आसपास होती आणि त्यातल्या किती घरांत पहाटे तीनला डॉक्टरकडे पाठवायला पोरच असेल, याचा अंदाज आमच्या मुलांना माझ्यापेक्षा चांगला येतो. त्यांच्यातल्या दोघा-तिघांनी असं धावून पाहिलं आहे.

मग तो डॉक्टर येतो. त्याचं वर्णन बघा. वय सांगता येऊ नये, रंगरूप लक्षात राहू नये असा चाकोरीतला औषधवाला, एडिंबरोचा जाड हेल, आणि भावनेच्या बाबतीत एखाद्या बॅगपाइपइतका हळवा. दुसरीकडे पुस्तकातले मोठे डॉक्टर : जेकिलचा मित्र लॅन्यन राहतो कॅव्हेंडिश स्क्वेअरला, ज्याला लेखक वैद्यकाचा बालेकिल्ला म्हणतो. जेकिलच्या मृत्युपत्रात त्याच्या नावापुढे एम.डी., डी.सी.एल., एलएल.डी., एफ.आर.एस. (म्हणजे रॉयल सोसायटीचा सभासद) अशी रांग आहे. १८५८ च्या वैद्यक कायद्यानं ब्रिटनमध्ये डॉक्टरांची एकच नोंदवही सुरू केली, पण नोंदवही एक झाली म्हणून जिना एक झाला नाही. वरच्या पायरीवर फिजिशियन, मग सर्जन, आणि तळाला काढे-गोळ्या देणारा ॲपोथेकरी. गरिबाच्या पोरीला मिळतो तो तळाचा. हे समजावायला मला लंडनला जावं लागलं नाही. आमच्या गावात सलाइन लावणारा एक आहे आणि पुण्यात ज्याची तीन महिन्यांनंतरची वेळ मिळते तो दुसरा आहे.

त्याच परिच्छेदात आणखी एक शब्द दडला आहे. एन्फिल्ड म्हणतो, तो माणसासारखा नव्हताच, एखाद्या ‘जगरनॉट’सारखा होता. टिपांमध्ये अर्थ दिलेला असतो : ‘न थांबणारी विध्वंसक शक्ती’. वर्गात एकानं विचारलं, “म्हणजे जगन्नाथ का?” होय बाबा, तोच. पुरीचा. १८०६ मध्ये क्लॉडियस ब्यूकॅनन नावाचा पाद्री पुरीला गेला, त्यानं रथाखाली चिरडल्या जाणाऱ्या भक्तांची भयानक वर्णनं विलायतेत छापली, आणि पुढच्या काही दशकांत देवाचं नाव इंग्रजीत बेभान चिरडणाऱ्या यंत्राचं नाव होऊन बसलं. लंडनच्या भर वस्तीत एका साहेबानं एका पोरीला तुडवलं, तर त्याला उपमा सापडली ती पुरीच्या रथाची. रानटीपणा नेहमी दुसऱ्याच्या दारचा. आणि त्या रात्री हाइड एका दारातून आत जाऊन आणतो तो चेक जेकिलच्या सहीचा, कूट्स या खानदानी बँकेवरचा! मंडळी, साम्राज्यवादावर वेगळं युनिट कशाला हवं? एका वाक्यात आहे की.

आता पुढची गंमत. किस्सा सुरू करताना एन्फिल्ड म्हणतो की रस्ते इतके ओस होते की पोलीस दिसावा असं मला वाटायला लागलं होतं. आणि प्रत्यक्ष गुन्हा घडल्यावर? पोलिसाला कुणीही हाक मारत नाही. एन्फिल्ड आणि डॉक्टर हाइडला धमकी देतात ती तुरुंगाची नव्हे. तुझं नाव लंडनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नासवून टाकू, ही धमकी. हाइड म्हणतो, आकडा सांगा. शंभर पौंड ठरतात. दहा पौंड सोन्यात, बाकीचा चेक. बँक उघडेपर्यंत थांबायचं म्हणून हाइड, डॉक्टर, एन्फिल्ड आणि त्या पोरीचा बाप, असे चौघं रात्रभर एन्फिल्डच्या खोल्यांवर बसतात, सकाळी बरोबर नाश्ता करतात आणि मिळून बँकेत जातात. आपल्या पोरीला तुडवणाऱ्याबरोबर टोस्ट खाणारा तो बाप. त्याला एकही वाक्य दिलेलं नाही. पोरीलाही नाव नाही. दहा गुणांचा प्रश्न काढायचाच तर तो या नाश्त्यावर काढा.

ज्या वर्षी हे लिहिलं गेलं त्याच वर्षी लंडनमध्ये पोरींच्या किमतीवरूनच रान उठलं होतं. जुलै १८८५ मध्ये डब्ल्यू. टी. स्टेड या संपादकानं ‘पॉल मॉल गॅझेट’मध्ये लेखमाला चालवली आणि १३ वर्षांची मुलगी पाच पौंडांना विकत मिळते हे स्वतः व्यवहार करून दाखवलं. त्याबद्दल त्याला तीन महिन्यांचा तुरुंग झाला, पण ऑगस्टमध्ये पार्लमेंटनं कायदा केला आणि मुलींचं संमतिवय १३ वरून १६ वर नेलं. (आपल्याकडे १८९१ मध्ये दहाचं बारा करताना पुण्यात काय धुरळा उडाला, ते मराठी वाचकाला सांगायला नको.) त्याच कायद्यात हेन्री लाबूशेर या खासदारानं ऐनवेळी ११ वं कलम घुसवलं. पुरुषा-पुरुषांतलं ‘असभ्य वर्तन’, मग ते चार भिंतींच्या आड का असेना, गुन्हा ठरलं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत, सक्तमजुरीसह. चार भिंतींच्या आड काय घडलं याला साक्षीदार कोण? नोकर, किंवा आदल्या रात्रीचा सोबती. म्हणून लोकांनी त्या कलमाला ब्लॅकमेल करणाऱ्यांची सनद म्हटलं. स्टीव्हन्सननं बोर्नमथला आजारपणात हे पुस्तक लिहिलं ते त्यानंतरच्या शरद ऋतूत. जानेवारी १८८६ मध्ये ते एक शिलिंगाला बाजारात आलं. हाइडनं ज्यातून चेक आणला त्या कळकट दाराच्या घराला एन्फिल्ड काय नाव ठेवतो? ‘ब्लॅकमेल हाउस’. अटरसनलाही पहिला संशय तोच येतो, की हाइड जेकिलचं कुठलं तरी जुनं पाप धरून बसलाय.

सगळं पुस्तक त्या एका कलमाच्या खुंटीला टांगणारे अभ्यासक आहेत. मला ते पूर्ण पटत नाही. जेकिलची पापं कोणती हे लेखकानं मुद्दाम सांगितलेलं नाही, आणि वाचकानं त्या मोकळ्या जागेत आपापलं भरावं हीच त्याची खोड आहे. जेकिल एवढंच म्हणतो की ती सुखं ‘न शोभणारी’ होती, याहून कडक शब्द मी वापरणार नाही. दुसऱ्या कुणी तर ती मिरवलीही असती. मग यानं लपवली का? तर चारचौघांत मान ताठ ठेवून, जरा जास्तच गंभीर चेहऱ्यानं वावरायची त्याला हौस होती. पापापेक्षा अब्रू मोठी. हे समजायला आमच्या मुलांना व्हिक्टोरिया राणी लागत नाही, स्वतःच्या घरातले काका पुरतात.

विज्ञानाकडे येतो. तिथेही आपली टीप ‘डार्विन, १८५९’ लिहून मोकळी होते.

जेकिलच्या घराला दोन तोंडं आहेत. पुढचं दार चौकावर, सुखवस्तू, दिवाणखान्यात शेकोटी. मागचं दार गल्लीत, ना घंटा ना कडी, रंगाला फोड आलेले. मधे अंगण आणि एक जुनी इमारत. लेखक सांगतो की हे घर एका नामांकित सर्जनच्या वारसांकडून घेतलं होतं. सर्जनचं शवविच्छेदनाचं सभागृह होतं, जेकिलला रसायनात रस म्हणून त्याची प्रयोगशाळा झाली. हे हवेतून आलेलं नाही. अठराव्या शतकात जॉन हंटर या थोर सर्जनचं लेस्टर स्क्वेअरवरचं घर असंच होतं. पुढच्या दारानं रुग्ण आणि पाहुणे, मागच्या रस्त्यानं प्रेतं.

प्रेतं कुठून यायची? स्टीव्हन्सन एडिंबरोचा. त्याच्या गावात १८२८ मध्ये बर्क आणि हेअर या दोघांनी १६ माणसं मारून त्यांची शरीरं डॉक्टर रॉबर्ट नॉक्स यांच्या शरीरशास्त्राच्या वर्गाला विकली. बर्क फासावर गेला, त्याचंही विच्छेदन झालं, आणि त्याचा सांगाडा आजही तिथल्या विद्यापीठाच्या संग्रहालयात उभा आहे. नॉक्सवर खटला झालाच नाही. मागच्या दारानं माल घेणारा सुटला. मग १८३२ चा कायदा आला, आणि अनाथाश्रमात, दरिद्रालयात मेलेल्या बेवारशांची शरीरं कायदेशीरपणे डॉक्टरांना मिळू लागली. गरिबी हाच गुन्हा आणि विच्छेदन ही शिक्षा, असं गरिबांनी त्याचं भाषांतर केलं. एकेकाळी उत्साही विद्यार्थ्यांनी गजबजलेलं, आता ओसाड पडलेलं ते सभागृह अटरसन ओलांडतो तेव्हा १८८६ च्या वाचकाला कशाचा वास येत असेल, हे मुलांना सांगितल्याशिवाय त्या वाक्याला काही अर्थ उरत नाही.

याच गावात स्वतःवर प्रयोग करण्याचीही परंपरा होती. नोव्हेंबर १८४७ मध्ये जेम्स सिम्प्सन यांनी क्वीन स्ट्रीटवरच्या घरी जेवण झाल्यावर दोन सहकाऱ्यांसह क्लोरोफॉर्म हुंगून पाहिला आणि तिघंही जमिनीवर पडले. स्टीव्हन्सन लहानाचा मोठा झाला ते हेरियट रो, म्हणजे क्वीन स्ट्रीटच्या बागेच्या पलीकडचा रस्ता. एखादी बाटली तोंडाला लावली की शुद्धीवरचा माणूस दुसराच कुणी होतो, ही त्याच्या बालपणी शेजारची बातमी होती. आणि निजायच्या खोलीत एक कपाट होतं, विल्यम ब्रोडीनं बनवलेलं. हा ब्रोडी दिवसा सुतारांच्या संघाचा मुख्य आणि नगरपरिषदेचा सभासद, रात्री घरफोड्या. १७८८ मध्ये फाशी गेला. पोरवयात रोज त्या कपाटातून कपडे काढणारा माणूस पुढे हे पुस्तक लिहितो, यात मला फार आश्चर्य वाटत नाही.

औषधाचंही एक टोक आहे, ते मला सगळ्यांत आवडतं. जेकिल एका घाऊक औषधविक्रेत्याकडून पांढरा क्षार मागवतो. पहिला साठा संपतो. दुसरा येतो, पण गुण येत नाही. बिचारा पूल, म्हणजे बटलर, लंडनभर दुकानं पालथी घालतो आणि प्रत्येक पुडी अशुद्ध आहे म्हणून परत जाते. अखेरीस जेकिलला कळतं की अशुद्ध होता तो पहिला साठा. त्यातल्या कसल्याशा अज्ञात भेसळीनंच औषध लागू पडत होतं! एफ.आर.एस. झालेल्या माणसाचा जन्मभराचा शोध म्हणजे दुकानदाराची चूक. ब्रिटनमध्ये अन्न आणि औषधांतल्या भेसळीविरुद्धचा कायदा १८७५ चा. दुधात खडू आणि पावात तुरटी यांवर दोन पिढ्या ओरडा चाललेल्या देशातल्या वाचकाला हा विनोद सहज कळला असणार. आमच्या वर्गालाही कळला. दूध संघात कामाला असलेल्या एकाच्या मुलानं तर भेसळ कशी ओळखतात यावर दहा मिनिटं खाल्ली, मी खाऊ दिली.

आणि डार्विन. हाइड माकडासारखा चिडतो, गुहेतल्या माणसासारखा दिसतो, हे शब्द पुस्तकात आहेतच. ‘डिसेंट ऑफ मॅन’ १८७१ चं. प्राणी चढतो तसा उतरूही शकतो, असं रे लँकेस्टर या प्राणिशास्त्रज्ञानं १८८० मध्ये मांडलं, आणि वरच्या वर्गाची झोप उडाली. इटलीत लोम्ब्रोसो यांनी १८७६ मध्ये गुन्हेगार हा जन्मतःच मागासलेला प्राणी असतो, कवटी, जबडा, कान मोजले की ओळखू येतो, असं जाहीर केलं होतं. इंग्लंडात १८७१ पासून शिक्षा झालेल्यांचे फोटो काढून ठेवायचा कायदा होता, आणि फ्रान्सिस गाल्टन तसले फोटो एकावर एक छापून ‘गुन्हेगाराचा चेहरा’ शोधत बसले होते.

इथवर गाइडही येतात. ती थांबतात तिथून पुस्तक पुढे जातं. हाइडमध्ये नेमकं काय वाईट आहे, हे पुस्तकात कुणालाही सांगता येत नाही. एन्फिल्ड म्हणतो, कुठेतरी व्यंग आहे असं ठामपणे वाटतं, पण कुठे ते दाखवता येत नाही. पोलीस शोध घेतात तेव्हा कळतं की त्याचा फोटो कधीच निघालेला नाही, आणि ज्यांनी त्याला पाहिलं त्यांची वर्णनं एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणजे लोम्ब्रोसोची फूटपट्टी घेऊन आलेल्या वाचकाच्या हातात स्टीव्हन्सन मोजायला काही ठेवतच नाही. मोजता येतं ते एकच, हस्ताक्षर. अटरसनचा कारकून गेस्ट हाइडची आणि जेकिलची चिठ्ठी शेजारी ठेवतो आणि म्हणतो, अक्षर एकच आहे, फक्त कल वेगळा. गुन्हेगाराची खूण सापडते ती एफ.आर.एस.च्या हातात.

हा मुद्दा आमच्यासाठी पुस्तकी नाही. ज्या १८७१ मध्ये इंग्लंडात फोटोंचा कायदा झाला, त्याच १८७१ मध्ये हिंदुस्थानात सरकारनं अख्ख्या जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आधी उत्तरेत, १९११ च्या कायद्यानं मुंबई इलाख्यातही. या जमातींना ठेवलेली सोलापूरच्या तारेच्या कुंपणातली सेटलमेंट आमच्या काही विद्यार्थ्यांच्या पणज्यांनी पाहिली आहे. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला, तरी गावात चोरी झाली की पहिली गाडी कुठल्या वस्तीवर जाते हे त्यांना ठाऊक आहे. ‘चेहऱ्यावरून गुन्हेगार’ ही कल्पना त्यांना पाच गुणांत लिहायला सांगायची, आणि तिचा पोकळपणा याच पुस्तकानं कसा उघडा पाडला ते मात्र विषयांतर ठरवायचं, हे मला जमत नाही.

आता शीर्षकातल्या ‘केस’बद्दल एक शब्द. मराठीत हे बरं आहे, केस डॉक्टरकडेही असते आणि कोर्टातही. स्टीव्हन्सननं स्वतः १८७५ मध्ये वकिलीची सनद घेतली होती. पुस्तकही मृत्युपत्र, चेक, सीलबंद लखोटे आणि दोन लेखी जबान्या यांवरच उभं आहे. पण वकील काय करतो बघा. खासदार कॅर्यूचा हाइडच्या हातून खून होतो, मोडलेली काठी सापडते, ती आपणच जेकिलला भेट दिली होती हे अटरसन ओळखतो, आणि ते मनातच ठेवतो. गेस्टनं अक्षर ओळखल्यावर अटरसनचं रक्त गोठतं, माझा मित्र खुन्यासाठी खोटी चिठ्ठी लिहितो म्हणून. मग चिठ्ठी तिजोरीत जाते. गेस्टला सांगितलं जातं, बोलू नका. लॅन्यनला सगळं कळतं, तो ते लिहून, लखोटा बंद करून मरतो. पहिल्या प्रकरणाच्या शेवटी तर एन्फिल्ड आणि अटरसन हातावर हात मारून ठरवतात की हा विषय पुन्हा काढायचा नाही. प्रश्न विचारणं म्हणजे टेकडीवरून दगड सोडणं, भलत्याच भल्या माणसाच्या डोक्यात बसतो, असं एन्फिल्डचं तत्त्वज्ञान आहे. सगळे अविवाहित, सगळे सुशिक्षित, सगळे एकमेकांचे स्नेही. झाकली मूठ सव्वा लाखाची. हाइड वर्षभर मोकळा फिरला तो जादूच्या औषधापेक्षा या मुठीच्या जोरावर. खुनाची साक्षीदार कोण? खिडकीत बसलेली मोलकरीण. ती बेशुद्ध पडते, पण शुद्धीवर आल्यावर पोलिसांना बोलावते. सगळ्या पुस्तकात वेळेवर पोलीस बोलावणारी ती एकटी.

म्हणून मंडळाला विनंती आहे. पाच गुणांची ती टीप काढून टाका. तिच्या जागी पुस्तकातला एक उतारा छापा, पोरीचा घ्या, क्षाराचा घ्या, मागच्या दाराचा घ्या, आणि यात त्या काळचा समाज किंवा विज्ञान कुठे दिसतं ते विचारा. पाठांतराला जागा राहणार नाही, मला मान्य आहे. गाइडवाल्यांची थोडी अडचण होईल, तीही मान्य आहे. तपासायला वेळ जास्त लागेल, त्याचं मानधन वाढवा असं मी म्हणणार नाही, म्हणालो तर हे पत्र तिथेच थांबेल. ‘सत् विरुद्ध असत्’ हा प्रश्न ठेवायचाच असेल तर निदान आदर्श उत्तरात एक ओळ घाला : विधान अमान्य करून पुस्तकातले दाखले दिल्यास पूर्ण गुण द्यावेत.

त्या मुलीनं पुनर्मूल्यांकनाचा अर्ज भरला होता. गुण तीनाचे चार झाले. फी परत मिळण्याइतका फरक नाही, असं कळवण्यात आलं.

आपला विश्वासू,
तृतीय वर्षाला हा पेपर शिकवणारा एक शिक्षक

ता. क. : स्टीव्हन्सनच्या म्हणण्याप्रमाणे त्या डॉक्टरच्या नावाचा उच्चार ‘जीकिल’ असा आहे. वर्गात मी तो सांगतो. पत्रात मात्र ‘जेकिल’च ठेवला आहे, आणि तोंडी परीक्षेला जाणाऱ्या मुलांनाही तोच ठेवायला सांगितला आहे. बाहेरून येणारे परीक्षक कोण असतील, सांगता येत नाही.